जुन्या पेजमेकरमध्ये अडकलेली मराठी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशिनवर चढत नाही, त्यामुळे अनेक छोट्या व्यावसायिकांना नवा संगणक घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. किराणा दुकानदाराला किंवा दवाखान्याला हा खर्चाचा प्रश्न आहे. छपाईच्या धंद्यात तो खर्चावर थांबत नाही. माजिवड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत आणि कळव्याची खाडी ओलांडून डोंबिवली-कल्याणपर्यंत डीटीपीची, लग्नपत्रिकांची, बिलबुकांची, स्मरणिकांची कामे करणारी जी दुकाने आहेत, तिथे नवे मशीन आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यावर पेजमेकर चालेल का?

पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्रामची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ साली आली. २००४ मध्ये ॲडोबीने त्याचा पुढचा विकास थांबवला. इतक्या जुन्या प्रोग्रामसाठी कोणी नव्या मशिनशी झटापट करत असेल, तर बाहेरच्या माणसाला तो ऑपरेटरचा हट्ट वाटतो. नवे शिकायला नको, पैसे खर्चायला नकोत, म्हणून जुन्याला चिकटून बसले आहेत, असा शेरा सहज मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे. १९९० नंतरच्या तीस वर्षांत छापलेल्या मराठीचा मोठा हिस्सा ज्या फाइलींमध्ये आहे, त्या फाइली ज्याने उघडतात तो प्रोग्राम चालता ठेवणे हे भाषेच्या जतनाचे काम आहे. ते आज छोटे दुकानदार स्वतःच्या खर्चाने करत आहेत, आणि ज्यांनी करायला हवे त्या संस्थांचे त्याकडे लक्ष नाही.

पेजमेकर मुळात वृत्तपत्राच्या जगातून आला. पॉल ब्रेनर्ड या अमेरिकी गृहस्थाने १९८४ मध्ये सिॲटलला कंपनी काढली आणि पंधराव्या शतकातला व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुशियस याच्या नावावरून तिचे नाव आल्डस ठेवले. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी पेजमेकर आला, १९८७ मध्ये विंडोजसाठी. डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्दप्रयोगही ब्रेनर्डचाच मानला जातो. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस कंपनी विकत घेतली. पुढे १९९९ मध्ये त्याच ॲडोबीने इनडिझाइन आणले आणि पेजमेकर मागे पडत गेला. जगात मागे पडला. महाराष्ट्रात मात्र त्याचा जम तेव्हा कुठे बसत होता.

त्याचे कारण देवनागरीच्या छपाईत आहे. खिळे जुळवण्याच्या काळात मराठी कंपोझिटरला रोमन लिपीच्या कंपोझिटरपेक्षा कितीतरी पट अधिक खिळे हाताळावे लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती झाली ती त्या खिळ्यांच्या देखणेपणामुळे. पण देखणेपणामागे जोडाक्षरांचे, काना-मात्रांचे, वेलांट्यांचे शेकडो वेगवेगळे तुकडे होते. संगणक आला तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. त्या काळच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ जागा असत आणि त्यातल्याही काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. एवढ्या जागांमध्ये सगळी देवनागरी बसवायची होती.

भारतीय तंत्रज्ञांनी ती बसवली. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान आणले, त्यातून पुढे आयएसएम आले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी दिली, बंगळूरहून आकृती आली. या सर्वांची युक्ती सारखी होती. अक्षराचे तुकडे करायचे, अर्धा क, दंड, वेलांटी, रफार वेगवेगळ्या जागी ठेवायचे आणि ऑपरेटरने कळ दाबली की ते शेजारी शेजारी मांडून पूर्ण अक्षर दिसेल अशी व्यवस्था करायची. पेजमेकरला मराठी येत नव्हती, येण्याची गरजही नव्हती. त्याच्या दृष्टीने पानावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होती. त्यांना मराठीचे रूप देत होता तो फॉन्ट.

यातली एक गोष्ट त्या वेळी कोणाला डाचली नाही. प्रत्येक कंपनीने आपले तुकडे आपल्या सोयीने मांडले. श्रीलिपीत ज्या जागी एक मात्रा, त्याच जागी दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये भलतेच अक्षर. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे समान मानक जाहीर केले होते, पण फॉन्टच्या आतली मांडणी कंपन्यांनी आपापलीच ठेवली. परिणाम असा, की या काळातल्या फाइलीत मराठी मजकूर मराठी म्हणून साठवलेलाच नाही. मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की पेजमेकर आधी पॅनोज नावाची चौकट पुढे करतो, अमुक फॉन्ट सापडत नाही, त्याऐवजी तमुक वापरू का असे विचारतो, आणि होकार दिला की पानभर इंग्रजी अक्षरांचा, आकड्यांचा आणि स्वल्पविरामांचा गुंता उभा राहतो. धंद्याच्या भाषेत याला फॉन्ट उडणे म्हणतात. मजकूर तिथेच असतो, फक्त वाचणारा नाहीसा झालेला असतो.

या गोंधळावरचा कायमचा उपाय तेव्हाच तयार होत होता. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान मानकाच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट आला आणि साध्या संगणकावर युनिकोड मराठी दिसू लागली. पण पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आले नाही. देवनागरीची अक्षरे जुळवून दाखवण्याची क्षमताही त्यात आली नाही. म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये मराठी पुस्तके तयार होत होती, तो आणि ज्या पद्धतीने बाकीचे जग मराठी लिहू लागले ती पद्धत, यांची गाठ कधी पडलीच नाही.

मग मराठी छपाईने इनडिझाइन का धरले नाही? धरायला काही काळ जागाच नव्हती. मराठी, हिंदी, गुजराती धरून दहा भारतीय भाषांचा उघड आधार इनडिझाइनमध्ये आला तो २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत. पेजमेकर थांबून तोवर आठ वर्षे झाली होती. या आठ वर्षांत इथल्या प्रेसना दिवाळी अंकही काढायचे होते आणि पाठ्यपुस्तकेही. त्यांनी हाताशी होते ते वापरले. आणि पुढे जे झाले ते अधिक वाईट. सीएस६ नंतर ॲडोबी वर्गणीच्या पद्धतीवर गेली, आणि त्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोयच राहिली नाही. भारतीय भाषांना सामावून घेणारी पहिली आवृत्ती आणि पेजमेकरची फाइल उघडणारी शेवटची आवृत्ती एकच निघाली. जुन्यातून नव्यात जाण्याचा सरळ रस्ता मराठीसाठी त्या एका आवृत्तीपुरता उघडा होता, आणि ती आवृत्ती ॲडोबी आता विकत नाही.

हे समजून घेतले म्हणजे माजिवड्याच्या किंवा डोंबिवलीच्या दुकानातला जुना संगणक वेगळा दिसू लागतो. तिथे चार गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत: विंडोज ९८ किंवा एक्सपी, त्यावरचा पेजमेकर, त्यातले श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्ट आणि मशिनच्या मागे लावलेले लॉक. लॉक म्हणजे डोंगल, प्रोग्राम अधिकृत असल्याची खूण पटवणारा छोटा ठोकळा. पूर्वी तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागे, पुढे यूएसबीला. चौघांपैकी एक गेला की उरलेले तिघे निकामी. हार्ड डिस्क बिघडली, इंजिनिअरने विचार न करता फॉर्मॅट मारला, पोर्ट जळाले, की वीस वर्षांचे काम तिथल्या तिथे बंद पडते.

नव्या संगणकावर अडचण कुठे येते, तेही सांगायला हवे. ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. नव्वदच्या दशकातले कित्येक प्रोग्राम स्वतः ३२ बिटचे असले तरी ते मशिनवर चढवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा असे. तो पहिल्याच पायरीवर अडतो. पॅरलल पोर्ट नव्या मशिनवर नसतेच. यूएसबीला जोडायचे रूपांतरक बाजारात मिळतात, पण ते प्रिंटरसाठी असतात, लॉक त्यांच्यातून बहुधा ओळखले जात नाही. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप १ जातीच्या फॉन्टचा आधार ॲडोबीने आपल्या प्रोग्राममधून जानेवारी २०२३ पासून काढला. प्रोग्राम कसाबसा चालला तरी छपाईला पान पाठवताना अडतो, कारण पेजमेकर ज्या जुन्या पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरच्या भरवशावर चालतो तो नव्या मशिनच्या यादीत नसतो.

यावरचा शहाणा मार्ग म्हणजे आभासी मशीन. नव्या संगणकाच्या आत एका प्रोग्रामच्या साहाय्याने दुसरा, जुना संगणक उभा करता येतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्राम त्यासाठी उपलब्ध आहेत. त्यात एक्सपी टाकायचे, पेजमेकर टाकायचा, फॉन्ट टाकायचे, यूएसबीचे लॉक असेल तर ते थेट त्या आतल्या मशिनकडे वळवायचे. जुना संगणक अजून चालू असेल तर त्याची अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलून आभासी डिस्क बनवता येते. त्यासाठी डिस्क-टू-व्हीएचडी हे साधन मायक्रोसॉफ्टच देते. मग फॉन्ट, सेटिंग, ऑपरेटरने वर्षानुवर्षे जमवलेले मास्टर पेज, सगळे आपोआप येते. पानाची पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची, तिची पीडीएफ करायची आणि ती प्लेटसाठी बाहेरच्या मशिनवर आणायची. एकदा हे जमले की ती सगळी मांडणी एकाच मोठ्या फाइलीत राहते. तिच्या दोन प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवल्या की जुन्या मदरबोर्डच्या आयुष्याची चिंता संपते.

यात एक पथ्य सक्तीचे आहे. आतल्या जुन्या मशिनला इंटरनेट द्यायचे नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून दुरुस्त्या देणे थांबवले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा परिस्थिती इतकी बिकट झाली की मायक्रोसॉफ्टला निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात अशाच दुसऱ्या हल्ल्यात न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. बंदराची ही गत, तर दोन मशिनच्या डीटीपीचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. आज अनेक ठिकाणी ज्या एक्सपीवर पेजमेकर आहे त्याच मशिनवर ग्राहकाचा ईमेल उघडला जातो आणि दहा ठिकाणी फिरून आलेला पेनड्राइव्ह लागतो. ही सवय आजच मोडायला हवी.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? छापील पुस्तक आहेच, ते स्कॅन करा आणि यंत्राकडून वाचून घ्या. हा सल्ला अर्धा बरोबर आहे. देवनागरी ओळखणारे प्रोग्राम गेल्या काही वर्षांत खूप सुधारले आहेत, आणि जिथे फाइलच राहिलेली नाही तिथे दुसरा इलाजही नाही. पण पिवळ्या पडलेल्या कागदावर तुटका अनुस्वार, पुसटलेला रफार, एकमेकांत घुसलेली जोडाक्षरे वाचताना यंत्र चुकतेच, आणि प्रत्येक पान पुन्हा माणसाने तपासावे लागते. फाइलीत मात्र तीन-चार प्रुफांतून गेलेला शुद्ध मजकूर आयता असतो, शिवाय मूळ मांडणी, तक्ते आणि सूचीही. तीही डोळे मिटून स्वीकारावी असे नाही. शेवटच्या घाईत ऑपरेटरने दुरुस्ती ट्रेसिंगवर चिकटवली असेल तर ती छापील प्रतीत दिसते, फाइलीत नसते. म्हणून फाइल आणि छापील प्रत शेजारी ठेवून काम करायचे. पण सुरुवात फाइलीपासून केली तर श्रम कितीतरी वाचतात.

या फाइलींमध्ये काय आहे याची जाणीव ठाणे जिल्ह्याला तरी व्हायला हवी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे ज्याच्या संस्थापकांपैकी एक. २०१० चे ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात झाले, २०१७ चे ९० वे डोंबिवलीत. अशा शहरांत तीस वर्षांत किती संस्थांच्या स्मरणिका, किती शाळांचे अमृतमहोत्सवी अंक, किती कवींचे स्वखर्चाने काढलेले पहिले संग्रह, किती गावांचे आणि देवस्थानांचे इतिहास छापले गेले असतील. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या मनोरंजन मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा या काळात ज्या अंकांनी चालवली, त्यांतले बरेचसे आज नावापुरतेही सापडत नाहीत. मोठ्या लेखकांची पुस्तके कोणीतरी पुन्हा टंकून घेईल. दोनशे प्रती छापलेल्या स्मरणिकेतला माजिवड्याच्या जुन्या गावठाणाविषयीचा लेख पुन्हा टंकायला कोणी येणार नाही. तो कुठे टिकला असेल, तर एखाद्या प्रेसच्या कपाटातल्या सीडीवर. आणि त्या सीडीचेही आयुष्य संपत आले आहे.

जगात याचे भान येऊ लागले आहे. चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ मध्ये अमिगा या संगणकावर काही चित्रे काढली होती. ती फ्लॉपीवरच राहून गेली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक मंडळाच्या विद्यार्थ्यांनी ती संग्रहालयातल्या फ्लॉपींवरून बाहेर काढली आणि २०१४ मध्ये जगाने पाहिली. चित्रे ज्या प्रोग्रामात काढली तो बाजारात येण्याआधीचा नमुना होता, त्यामुळे फाइलींची रचना त्यांना स्वतः उलगडावी लागली. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ हा १९९२ चा लेखनाचा प्रोग्राम, त्याची सगळी पुस्तिका आणि तो आजच्या मशिनवर चालवण्याची साधने एकत्र करून सर्वांसाठी खुली केली. फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीची मूळ संहिता ॲडोबीच्या परवानगीने कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. पेजमेकरच्या फाइलींसाठीही मुक्त तंत्रज्ञांनी कष्ट घेतले आहेत. त्यांनी फाइलीची रचना उलगडून काढली, आणि २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या लिब्रेऑफिस ४.४ पासून तो मोफत प्रोग्राम पेजमेकरची फाइल उघडू शकतो. मांडणी तंतोतंत येईलच याची खात्री नसते, पण आतला मजकूर बाहेर काढण्याचा हा एक कायदेशीर आणि फुकटचा मार्ग आहे.

कायद्याचा मुद्दा इथे टाळता येत नाही. या धंद्यात अनधिकृत प्रती पुष्कळ वापरल्या गेल्या हे खरे, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ज्यांनी पैसे मोजून प्रोग्राम आणि लॉक घेतले, त्यांचे हक्क स्पष्ट आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अधिकृत धारकाला ज्या कामासाठी प्रोग्राम घेतला त्या कामासाठी त्याची प्रत करण्याची आणि नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत ठेवण्याची मुभा देते. २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५-अ मध्ये संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर. मोडलेल्या लॉकमुळे स्वतःच्याच पैशाचा प्रोग्राम बंद पडला तर काय, याचे सरळ उत्तर मात्र आपल्याकडे कोणी लिहून दिलेले नाही. अमेरिकेत ते दिले गेले. खराब झालेले आणि बाजारातून नाहीसे झालेले डोंगल ओलांडून प्रोग्राम वापरण्यास तिथल्या कॉपीराइट यंत्रणेने २००३ मध्ये आणि नंतरच्या काही फेऱ्यांतही स्पष्ट सूट दिली. तशी सूट भारतात नियमाने मिळायला हवी.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. कायदा झाला तेव्हा पुस्तक म्हणजे कागदच होता. आता पुस्तक आधी फाइल असते, मग कागद. ती फाइल मागण्याची तरतूद नाही, आणि कोणी आणून दिली तरी ती उघडण्याची सोय ग्रंथालयात नाही.

जुना पेजमेकर चालता ठेवण्याची बाजू घेताना दुसरी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. त्यात नवा मजकूर टंकणे आता थांबले पाहिजे. आज पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात लावलेले प्रत्येक पान उद्याच्या अडचणीत भर घालते. ते पान इंटरनेटवर शोधून सापडत नाही, ई-पुस्तक होत नाही, दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. हे शेवटचे नुकसान सर्वांत गंभीर आहे. मराठी पुस्तक फाइलीच्या रूपात उपलब्ध असूनही केवळ फॉन्टमुळे एखाद्या वाचकाला ते वाचता येऊ नये, याला काही कारण उरलेले नाही.

युनिकोडमध्ये देखणे फॉन्ट नाहीत, हे कारण एके काळी खरे होते. आता ते टिकत नाही. मुंबईच्या एक टाइप गटाचे मुक्ता आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने आणलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू, असे सुबक फॉन्ट मोफत मिळतात. टंकलेखनयंत्राच्या सवयीचा कळफलकही युनिकोडमध्ये वापरता येतो, तेव्हा पंचवीस वर्षांची बोटांची सवय मोडण्याचीही सक्ती नाही. मोफतच हवे असेल तर पानाच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे.

राहिला जुन्या मजकुराच्या रूपांतराचा प्रश्न. ते यंत्राने होते, पण राखणीशिवाय होत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे रूपांतरात ‘कीर्ती’, ‘स्थिती’, ‘आर्थिक’ अशा शब्दांत वेलांटी आणि रफार भलत्या जागी जातात. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला मराठीचा खास अर्धा र हरवतो. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आले, त्यामुळे जुनी रूपांतरके ते ओळखतही नाहीत. हे सगळे पकडायला यंत्राइतकाच जाणता माणूस लागतो, आणि अशी माणसे म्हणजे हेच डीटीपी ऑपरेटर. कोणत्या फॉन्टात कोणते अक्षर कुठे बसते हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. त्यांतले बरेच जण आता साठीकडे झुकले आहेत. त्यांचे ज्ञान वापरायचे तर वेळ थोडा आहे.

म्हणून कामाची वाटणी स्पष्ट असावी. राज्य मराठी विकास संस्थेने श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांसारख्या प्रत्येक जुन्या फॉन्टमालिकेचा अधिकृत जागानकाशा कंपन्यांकडून मिळवून सर्वांसाठी खुला करावा. विक्री थांबलेल्या आवृत्त्यांना लॉकमधून मोकळे करावे, अशी विनंती या कंपन्यांना सरकारनेच करावी. त्यात त्यांचा तोटा नाही आणि मान आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या एका ग्रंथालयात परवान्यासह जुनी आभासी मशीन असावीत, जिथे कोणीही आपली सीडी घेऊन जावे आणि फाइल उघडून घ्यावी. ठाण्यात याची सुरुवात करायला संस्थाही आहेत आणि काम जाणणारे हातही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासोबत जी योजना आणि निधी येईल, त्यात दोन हजार वर्षांच्या शिलालेखांबरोबर अलीकडच्या तीस वर्षांच्या फाइलींचाही विचार व्हावा.

प्रकाशक, संपादक, संस्थांचे सचिव आणि स्वतःचे पुस्तक काढलेला प्रत्येक लेखक यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. आपले पुस्तक किंवा अंक ज्या दुकानात लागला तिथे या महिन्यातच जावे, फाइल अजून आहे का ते विचारावे, ती आणि तिचे फॉन्ट कोणते याची नोंद मागून घ्यावी, शक्य तर तिथेच पीडीएफ करून घ्यावी आणि ऑपरेटरला त्याच्या श्रमाचे पैसे द्यावेत. पुढचे पुस्तक युनिकोडमध्येच लागेल, ही अट आधी घालावी आणि मगच हस्तलिखित द्यावे.